१५ किलोची माउंटन बाईक जड म्हणायची का?

तुमचा प्रश्न असा: माउंटन बाईक किती किलोची असावी, आणि ‘१२ किलोच्या वर घेऊच नकोस’ असं मित्र सांगतो ते कितपत खरं? तपशील तुम्ही नीट दिलेत, ते बरं झालं. बोरिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. तुमचं वजन ७४ किलो, बजेट तीसेक हजार. सकाळी नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत, रविवारी येऊर, पावसाळ्यात कधीतरी कर्जतकडचे कच्चे रस्ते. दोन सायकली पाहून ठेवल्यात. पहिली १५.२ किलोची: ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे १०० मिलिमीटरचा स्प्रिंगचा शॉकर, हायड्रॉलिक डिस्क, २४ गियर. दुसरी १३.४ किलोची: शॉकर नाही, केबलवरच्या डिस्क, २१ गियर, टायर थोडे बारीक, किंमत थोडी कमी. शिवाय ११ वर्षांच्या मुलीसाठी २४ इंची सायकल घ्यायची आहे.

मी पश्चिम उपनगरात सायकली जोडण्या-दुरुस्तीचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत चालवतो. काउंटरवर हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. बहुतेकांना खरं तर दुसरंच काही विचारायचं असतं: ‘चढावर माझा दम निघेल का?’ आणि ‘घरी उचलून न्यायला झेपेल का?’ काट्यावरचा एकच आकडा या दोन्हींचं उत्तर देत नाही. म्हणून आधी माझं मत सांगतो. तुमच्यासाठी मी १५.२ किलोचीच घेतली असती. मुलीच्या बाबतीत मात्र मी वजनाबद्दल फार कडक आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी बाजारात काय वजनं असतात ते पाहू. क्रॉस कंट्री शर्यतीची कार्बन फ्रेमची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकर असलेली, ९ ते साडेदहा किलोत बसते. तिची किंमत लाखांत असते. रोजच्या डोंगरी वापराची दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली ट्रेल बाईक १३ ते १५ किलोची. उभ्या उतारावरच्या डाउनहिल शर्यतीच्या सायकली १५ च्या वरच असतात, आणि त्यावर जगातले उत्तम रायडर बसतात. बॅटरीवाली ई-माउंटन बाईक २० ते २५ किलो. तुमच्या बजेटमधली ॲल्युमिनियमची हार्डटेल साधारण १४ ते साडेपंधरा, आणि त्याखालच्या किमतीत साध्या पोलादी फ्रेमच्या १७ पासून २० पर्यंत. म्हणजे तुमची १५.२ तिच्या जातकुळीत अगदी नेहमीची आहे.

मित्राचा १२ चा आकडा बहुधा शर्यतीच्या सायकलींवरून आला असावा, किंवा रोड बाईकवरून. रोड रेसिंगमध्ये यूसीआयने, म्हणजे सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने, सायकलीला किमान ६.८ किलोची अट घातली आहे, म्हणजे तिथे सायकल फार हलकी होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. त्या जगातले आकडे कानावर पडले की १५ ऐकून धक्का बसणारच. पण माउंटन बाईकचा जन्मच जड सायकलींवर झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायचे. त्या सायकली वीस किलोच्या घरातल्या होत्या. वर न्यायला त्रासदायक, पण खाली येताना मोडत नसत, म्हणून त्या निवडल्या गेल्या. पुढे चढही चालवता यावा म्हणून वजन उतरत गेलं, आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री आली तोवर हलक्या आणि दणकट अशा दोन वाटा स्पष्ट वेगळ्या झाल्या होत्या. कुठल्या कामाची सायकल हे ठरवल्याशिवाय वजनाचा आकडा अर्थहीन आहे.

आता चढाचा हिशोब, कारण भीती त्याचीच असते. चढावर तुमचे पाय सायकल एकटी ओढत नाहीत. तुम्ही, सायकल, हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली असं सगळं मिळून वर जातं. तुमच्या बाबतीत पहिल्या सायकलीवर हे साधारण ९२ किलो होतात. दुसरी घेतली तर ९० च्या थोडं वर. फरक १.८ किलो, म्हणजे एकूण ओझ्याच्या दोन टक्के. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना साधारण साडेपाचशे मीटर उंची गाठावी लागते. पायांत तेवढीच ताकद धरली आणि तुम्हाला एक तास लागत असेल, तर हलकी सायकल तुमचं एखादं मिनिट वाचवेल. शर्यतीत एक मिनिट म्हणजे पहिल्या आणि विसाव्या नंबरातलं अंतर असू शकतं. येऊरच्या चढावर गाव येईपर्यंत ते कळणारसुद्धा नाही.

याउलट गियरचा फरक चांगलाच कळतो. ही गोष्ट दुकानात कोणी समजावून सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही पाठवलेल्या माहितीत पहिल्या सायकलीचं पुढचं सगळ्यात लहान चक्र २२ दात्यांचं आहे आणि मागचं सगळ्यात मोठं ३४ चं. दुसरीचं पुढे २४ आणि मागे २८. सगळ्यात हलक्या गियरवर पॅडलच्या एका फेरीत पहिलीचं चाक ०.६५ वेळा फिरतं, दुसरीचं ०.८६ वेळा. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा, आणि मिनिटाला ६० फेऱ्या, जो दमलेल्या माणसाचा चढावरचा वेग असतो. पहिली सायकल ताशी सव्वापाच किलोमीटरने वर जाईल, दुसरी ताशी सातने. दहा टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर वर जाणाऱ्या रस्त्यावर, पहिलीला पायांतून साधारण १३० वॅट लागतील आणि दुसरीला १७०. टायरचं घर्षण मी यात धरलेलं नाही, ते दोघींनाही लागेल.

जड सायकलीवर ४० वॅट कमी! वेग कमी झाला म्हणून ते कमी झाले हे खरंच आहे, पण चढावर तुम्हाला नेमकं तेच हवं असतं: हळू का होईना, पाय न टेकता, गुडघ्यांवर न येता वर जाता यावं. नवीन माणूस १७० वॅट फार वेळ देऊ शकत नाही. मग हलक्या सायकलीवर त्याच्या पॅडलच्या फेऱ्या ४५ वर येतात, प्रत्येक फेरीला पूर्ण अंग घालावं लागतं आणि दहा मिनिटांत तो उतरून सायकल ढकलू लागतो. वर आल्यावर तो मला सांगतो, ‘सायकल जड आहे हो.’ गियर जड होते. दीड-दोन किलो उतरवायला पुढे हजारो रुपये घालण्यापेक्षा मागची कॅसेट किंवा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, मोठ्या दात्यांची बसवणं कितीतरी स्वस्त आणि कितीतरी जास्त उपयोगी. फक्त मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, तेवढे दाते झेलतो का, ते मेकॅनिककडून आधी तपासून घ्या.

यानंतर वजन कुठे आहे हा मुद्दा. पहिल्या सायकलीतलं जास्तीचं वजन मुख्यतः शॉकरमध्ये आहे. या किमतीतला स्प्रिंगचा शॉकर अडीच किलोच्या आसपास भरतो, साधा फोर्क त्याच्या निम्म्याने. म्हणजे सव्वा किलो तिथेच गेलं. बाकीचं जाड टायरमध्ये. हे वजन तुम्हाला काही देतं का? कर्जतकडच्या बैलगाडीच्या वाटेवर, सुट्या दगडांवर, मुरमावर, हो. जाड टायर आणि कामचलाऊ का होईना शॉकर तिथे हाताचे झटके वाचवतात आणि पुढचं चाक जमिनीला धरून ठेवतात. नॅशनल पार्कात मात्र मुख्य दरवाजापासून कान्हेरीपर्यंत डांबरी रस्ताच आहे. तो सोडून झाडीत सायकल घालायला मनाई आहे, आणि परवानगी असती तरी मी घालू नका म्हटलं असतं. ते बिबट्यांचं घर आहे. तिथे शॉकर म्हणजे नुसतं ओझं. लॉकआउटचं बटण फिरवलं की तो दबणं थांबेल, वजन कमी होणार नाही.

म्हणून माझं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती तुम्हीच प्रामाणिकपणे ठरवा. कच्च्या रस्त्यावर महिन्यातून एक-दोनदा तरी खरंच जाणार असाल तर पहिली. वर्षात एकदा पावसात मित्रांसोबत हौस म्हणून जाणार असाल, तर शॉकर नसलेली चांगली. पण तेव्हाही तुमची ती दुसरी घेऊ नका. साधा फोर्क, मोठ्या दात्यांची कॅसेट आणि दोन इंची टायर असलेली शोधा. नुसतं हलकं असणं हा तिचा गुण, आणि २४-२८ चा गियर हा तिचा मोठा दोष.

चाकांच्या वजनाबद्दल सायकलवाल्यांत एक समज पक्का आहे: चाकातला एक किलो म्हणजे फ्रेममधले दोन किलो. हे अर्धंच खरं. सिग्नलवरून सुटताना, वळणातून बाहेर पडताना, म्हणजे वेग वाढवताना, रिम आणि टायरमधलं वजन जवळजवळ दुप्पट लागतं, कारण ते पुढेही ढकलायचं असतं आणि फिरवायचंही. पण एकसारख्या गतीने चढ चढताना चाकातला किलो आणि सीटखालचा किलो सारखेच. तरीही पुढेमागे वजन कमी करायचं ठरवलंत तर सुरुवात टायरपासून करा, कारण फरक लगेच हाताला जाणवतो. तारेच्या कडेचा साधा टायर काढून घडी होणारा बसवला की एका चाकामागे दीड-दोनशे ग्रॅम उतरतात. टीपीयू नावाच्या पातळ प्लॅस्टिकची ट्यूब साध्या रबरी ट्यूबच्या निम्म्याहून कमी भरते, मात्र ती बसवताना हात जपून चालवावा लागतो आणि आपल्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे तिचं पॅच नसतं.

टायरचाच विषय निघाला आहे तर हवेबद्दलही सांगतो. पंपावर ६०-७० पीएसआय भरून आणलेली सायकल रस्त्यावर झपकन पळते, पण दगडांवर चेंडूसारखी उडते, आणि मालकाला वाटतं हलकी आहे म्हणून उडते. तुमच्या वजनाला, ट्यूब असलेल्या २.२ इंची टायरमध्ये डांबरी रस्त्यासाठी ४० च्या आसपास आणि कच्च्यावर ३० च्या आसपास ठेवून पाहा. गेज असलेला पंप घरी हवाच. त्याने सायकलीच्या स्वभावात जो फरक पडतो तो एक किलो उतरवून पडत नाही.

काय उतरवू नये हेही ऐका. ब्रेक, हँडल, स्टेम, सीटपोस्ट, रिम. बिननावाचे, स्वस्त ‘कार्बन’ हँडल ऑनलाइन मागवून कोणी बसवायला आणलं तर मी नम्रपणे परत करतो. ते तुटतं तेव्हा आधी सांगून तुटत नाही, आणि तुटतं ते उतारावर, हातावर पूर्ण भार असताना. तुमच्या पहिल्या सायकलीच्या हायड्रॉलिक डिस्कला मी या यादीत फार वर धरतो. येऊरहून पावसात उतरताना, लांब उतारावर बोटं दुखू न देता एका बोटाने सायकल आवरता येते. केबलच्या डिस्क वाईट नसतात, पण मुंबईच्या पावसात केबलमध्ये पाणी-माती जाऊन त्या जड होतात आणि वरचेवर ओढून घ्याव्या लागतात.

दोन्हीकडे शॉकर असलेली एखादी सायकल याच किमतीत कोणी दाखवली तर दुकानाबाहेर या. त्या १८ ते २० किलोच्या असतात, मागे नुसती स्प्रिंग असते, तिचं उसळणं आवरणारं आत काहीच नसतं. प्रत्येक पॅडलला सायकल वरखाली डोलते आणि तुमची मेहनत त्या डोलण्यात जाते. जड असूनही बदल्यात काहीही न देणारी सायकल कशी असते, त्याचा हा नमुना.

आता तिसरा मजला. इथे मात्र किलो मोजला पाहिजे, कारण जिन्यात गियर मदतीला येत नाहीत. तरी १५ आणि साडेतेरा यांच्यापेक्षा मोठा फरक सायकल धरायची कशी यात आहे. फ्रेमची आडवी नळी बारीक आणि उघडी असेल तर खांद्यावर बसते, तिच्यावर केबल आणि बाटलीचा स्टँड असेल तर खांद्याला रुततं. जुन्या इमारतींचे जिने अरुंद असतात, आणि हल्लीच्या माउंटन बाईकचं हँडल ७२० मिलिमीटर आणि त्याहून रुंद येतं. वळणावर ते कठड्याला लागतं, मागच्या चाकाने भिंत काळी होते, शेजाऱ्यांशी बोलाचाली होते. दुकानात विनंती करून सायकल खांद्यावर घ्या, पाच-दहा पायऱ्या चढून पाहा आणि घरी जाऊन जिन्याच्या वळणाची रुंदी टेपने मोजा. हँडल दोन्ही टोकांनी दोन-दोन सेंटीमीटर कापून घेता येतं, हे काम किरकोळ आहे. पावसाळ्यात चेनला बाहेरून आल्या आल्या फडकं मारलं तर कपडे आणि भिंत दोन्ही वाचतात.

वजन स्वतः मोजा. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा सगळ्यात लहान साइजचा आणि पॅडल न लावता घेतलेला असतो. पॅडलची जोडीच साडेतीनशे-चारशे ग्रॅमची. प्रवासाची बॅग मोजायचा हुकवाला काटा सीटखाली अडकवून उचला, झालं. तो नसेल तर घरातल्या वजनकाट्यावर सायकल धरून उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. हे करताना आधी पुढचं चाक उचलून पाहा, मग मागचं. पुढचं खूप जड लागलं तर शॉकर आणि टायर. मागचं लागलं तर रिम, फ्रीव्हील आणि बहुधा साइड स्टँड. दुकानदार प्रेमाने साइड स्टँड, पोलादी मडगार्ड, कॅरियर, जाड साखळीचं कुलूप असं सगळं ‘फ्री’ लावून देतो आणि दोन किलो तिथेच वाढतात. मडगार्ड पावसाळ्यापुरतं प्लॅस्टिकचं, सहज काढता येणारं घ्या. कॅरियर लागणार नसेल तर नको म्हणा. कुलपावर मात्र ग्रॅम मोजू नका, सायकल खाली उभी राहणार असेल तर.

इथवरचं थोडक्यात: तुमच्या बजेटमध्ये १४ ते साडेपंधरा किलो ठीक. सोळाच्या वर गेली तर कशामुळे ते विचारा. तेराच्या खाली दिसली तर काय काढून ठेवलंय ते पाहा. आणि दोन्ही वेळा आधी मागच्या मोठ्या चक्राचे दाते मोजा.

आता मुलीची सायकल. तुम्ही तिचं वजन ३० किलो लिहिलंय. दुकानात २४ इंची, पुढे शॉकर असलेली, दिसायला तुमच्यासारखीच ‘माउंटन बाईक’ मिळते आणि मुलांना तीच हवी असते. ती १३-१४ किलो भरते. म्हणजे मुलीच्या वजनाच्या जवळजवळ निम्मी. तुम्हाला कोणी ३४ किलोची सायकल दिली तर तुम्ही किती दिवस चालवाल? त्यात तो शॉकर मोठ्या माणसाच्या भाराच्या हिशोबाच्या स्प्रिंगचा असतो. ३० किलोच्या मुलीने खड्ड्यात चाक घातलं तरी तो जेमतेम दबतो, आणि दोन-अडीच किलो मात्र ती रोज वाहते. मग मूल सायकल टाळायला लागतं आणि घरचे म्हणतात, हिला आवडच नाही.

तिच्यासाठी शॉकर नसलेली, ॲल्युमिनियमची, १० ते ११ किलोची शोधा. थोडी शोधाशोध करावी लागेल, कारण दुकानात पुढच्या रांगेत ती नसते. पुढे एकच चक्र आणि मागे सात-आठ गियर असतील तर उत्तम, पुढचे तीन गियर या वयात गोंधळच घालतात. ब्रेकचं लिव्हर तिच्या बोटांच्या पेराजवळ येतं का ते तिथेच तिला दाबायला लावून पाहा. बहुतेक लिव्हरला जवळ-लांब करायचा छोटा स्क्रू असतो, तो दुकानदाराकडून फिरवून घ्या. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. ‘पुढच्या वर्षी उंच होईलच’ म्हणून २६ इंची घेऊ नका, ती आणखी जड असते आणि जड सायकल आवरताना पाय न टेकणं धोक्याचं. बजेटमध्ये ओढाताण होत असेल तर तुमच्या सायकलीतले चार-पाच हजार कमी करून तिच्या सायकलीत घाला. तुमच्या एक-दीड किलोने तुम्हाला एखाद्या मिनिटाचा फरक पडेल, तिच्या तीन किलोंनी ती कान्हेरीच्या रस्त्यावर तुमच्यासोबत येईल की नाही हे ठरेल.

दोन्ही सायकलींची साइज आणि मुलीची उंची कळवलीत तर फ्रेम नीट बसते का तेही सांगतो.